जेवढा फरक, तेवढंच गुपित

रस्त्याच्या आवाजाला वैतागून कुणी स्टाफरूमची खिडकी लावायला उठलं की बाई हात वर करायच्या. "राहू द्या हो, गोंगाट कामाचा असतो."

विषय घरादारात शिरलेलं असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बाई इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या, मी गणित. पिपरी मेघेत आम्ही शेजारणी. खरखरणाऱ्या तारेवरून, कुणी चोरून ऐकत असताना, जास्तीत जास्त किती गुपित पाठवता येईल, हा त्यांचा अभ्यास. आपल्या माणसाला चोरापेक्षा स्पष्ट ऐकू आलं पाहिजे, एवढीच अट. "जेवढा फरक, तेवढंच गुपित," त्या म्हणायच्या. "फरक नाही, तर गुपितही नाही."

सेलूच्या बाजारात वांगी किडकी दिसली की, भाजीवालीला ऐकू जाऊ नये म्हणून, हे सांगायला त्या मला बँडवाल्यांजवळ ओढत न्यायच्या. मला काही ऐकू यायचं नाही आणि किडकी वांगी घरी यायची.

त्यांची आई त्यांच्याजवळच राहायची. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कापसातून सरकी काढण्यात तिने जन्म काढला होता आणि मशीनच्या धडधडीत तिचे कान अधू झाले होते; मोठ्याने बोललं तरच ऐकू यायचं.

एका दुपारी बाईंनी स्वयंपाकघरात मिक्सर लावला. आई समोरच तूर निवडत बसली होती. तोंडावर हसू ठेवून बाई मला काहीतरी म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. तरी मला कळेना, तेव्हा एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मला कॅन्सर आहे. पसरलाय. आईला कळता कामा नये. ती खचेल."

आई आमच्याकडे बघून हसली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

पुढचे महिने मला ते घर पाहवत नसे. दवाखान्यात जायचं असलं की बाई 'मीटिंग' म्हणायच्या. आई डबा भरून द्यायची. "लवकर येजो वं." केस गेले तेव्हा बाईंनी उन्हाळ्याचं निमित्त सांगितलं. "बरं केलं, डोक्याले गार वाटते," आई म्हणाली. तिच्या भोळेपणाने माझा जीव तुटायचा.

मग बाई गेल्या. तेरवी झाल्यावर मी आईजवळ बसले होते.

"जिनिंगात आमी बाया एकमेकीचे ओठ पाहूनच बोलत होतो, मॅडम," ती म्हणाली. "मिक्सर लावला, त्याच दिवशी मले समजलं."

मिक्सरने माझेच कान बंद केले होते. बाईंच्या हिशेबात आईचे डोळे नव्हते.

"मग बोलला का नाहीत?"

"मायले माईत नाई, असं तिले वाटे. तेवढ्यावरच हासून राह्यली होती. मी रडली असती, त तिनं मले सांभाळलं असतं का सोताले?"

तिने माझा हात धरला. नजर माझ्या ओठांवर. "खरं सांगजा. मले माईत हाय, हे तिले समजलं होतं का?"

"नाही," मी सावकाश म्हटलं. "शेवटपर्यंत नाही."

म्हातारीने मान हलवली. मग पदर तोंडाशी न नेता, लेकीचं नाव घेऊन ती मोठमोठ्याने रडली.