पोपड्यांचा घोडा

त्याला सगळे पुट्टी म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते लग्नात एकदा घेतलं गेलं आणि पुढे कुणाला लागलंच नाही. घरं रंगवायचा. निम्मा जन्म शिडीवर गेलेला, त्यामुळे जमिनीवर त्याला नुसतं बसता यायचं नाही. डॉक्टरकडे नंबर लावलेला असला तरी हा आपला उठून भिंतीवरून हात फिरवतोय, बोटाने टकटक करून पाहतोय, खिशातली पुट्टी लावायची पातळ पोलादी पट्टी काढून सुटलेला पोपडा उचकटतोय. लोक नखं खातात, हा भिंती खायचा.

अशा माणसाच्या पोटी भिंतीवर चित्रं काढणारी पोर यावी, आता याला काय म्हणायचं! तिला घरात धाकटी म्हणत. ती पेन्सिल धरायला लागली तीच मुळी पलंगामागच्या भिंतीवर. वाणी, पोस्टमन, आजारी आत्या, शिडीवरचा बाप, सगळे तिथे. अक्षरं यायला लागल्यावर कोण काय बोलतंय तेही शेजारी लिहायची. पुट्टी कधी रागावला नाही. दरवर्षी सुट्टीत तो भिंत खरवडायचा, घासायचा, प्रायमर मारायचा, वर दोन हात रंग द्यायचा आणि म्हणायचा, "घे, लाग कामाला." आपण पोरीला नवा कोरा कागद देतोय, असंच त्याला वाटायचं.

मग धाकटीच्या शाळेने चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला. पाठोपाठ इतिहास निम्मा झाला, नाटक तर बंदच. चित्रकलेचे सर जाता जाता तिच्या आईला म्हणाले, "हिला निवासी शाळेत घाला. भाषा, इतिहास, चित्रं, नाटक हे विषय जिथे उरल्या वेळात उरकत नाहीत, अशी शोधा." आई शिवणाच्या दुकानात कापड बेतायची. एकदा कात्री चालवली की मागे घ्यायची नाही, असा तिचा सगळ्याच बाबतीत खाक्या. घरी येऊन तिने सांगून टाकलं. पुट्टी म्हणाला, "बघू." त्याच्या 'बघू'चा अर्थ बायकोला चांगला ठाऊक होता. तिने दुसऱ्याच दिवशी शाळांना फोन लावले.

तेव्हापासून पुट्टीचं काही खरं राहिलं नाही. जेवताना मध्येच उठायचा. एका घराच्या दिवाणखान्यात त्याने छताचा रंग भिंतीला दिला आणि मालकिणीची बोलणी खाल्ली. पोर आपल्यापासून लांब जाणार, दुसऱ्याच्या भिंतीआड झोपणार, हे काही त्याच्या पचनी पडेना. पण तसं म्हणणार कसं? मग तो भिंतींना नावं ठेवायला लागला.

पहिली शाळा चकचकीत होती. पुट्टीने जिन्याखाली नाक लावलं आणि म्हणाला, "ओल आहे. वरून रंग मारून झाकलीय." धाकटीचं वेगळंच चाललं होतं. ती चित्रांच्या खोलीत जाऊन ब्रश बघून आली. सगळे कोरे करकरीत, पाण्यात बुडालेलेच नाहीत. ती म्हणाली, "इथे कुणी काढत नाही, बाबा." त्या शाळेवर बापलेकीचं एकमत झालं. पुट्टीला कोण आनंद झाला.

दुसऱ्या शाळेत नाटकाची खोली होती, पण तिथे मोडकी बाकं रचलेली. शिवाय पुट्टीला वसतिगृहाच्या खिडक्या पटल्या नाहीत, भिंतींचा हिरवा रंग पटला नाही, पहारेकऱ्याचं जांभई देणंसुद्धा पटलं नाही. परतताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही शाळा बघताय की सोयरीक मोडताय?"

तिसरी शाळा जुनी, बसकी, कळकट. पुट्टी दारातच खुलला. इथे खोट काढायला काही कमी पडणार नव्हतं. पण धाकटीचे पाय जिथे तिथे थबकायला लागले. इतिहासाच्या वर्गात मुलं एकमेकांशी तावातावाने वाद घालत होती आणि शिक्षिका गालाला हात लावून ऐकत होती. एक मुलगी जिन्यावर बसून कसलेसे संवाद पुटपुटत होती. चित्रांच्या खोलीत ब्रश झिजून पार बुटके झालेले. धाकटीने त्यातला एक उचलला, अंगठ्याने त्याचे केस दाबून पाहिले आणि बापाकडे बघितलं. तिचं तोंड असं उजळलेलं त्याने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ही इथेच राहणार, हे त्याला कळून चुकलं.

चित्रकलेच्या बाईंनी धाकटीला एकटीला बोलायला आत नेलं. बायको वसतिगृहाचं स्वयंपाकघर बघायला गेली. पुट्टीला बोळात खुर्ची दिली होती. तो बसला, उठला, टोकापर्यंत जाऊन आला, परत बसला. समोरच्या भिंतीचे पोपडे सुटले होते, वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्यासारखे. कडेकडेने पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, पण भिंतीवरची पेन्सिल म्हणजे पुसायची गोष्ट, हे त्याच्या हाताला पाठच होतं. हात शिवशिवायला लागले. एकच काढू म्हणून त्याने पट्टी घातली. मग शेजारचा, मग त्याच्या वरचा. कितीतरी दिवसांनी त्याच्या जिवाला जरा स्वस्थता वाटली. दार उघडलं तेव्हा दोन हात रुंदीची भिंत स्वच्छ, सपाट झाली होती आणि खाली चुऱ्याचा ढीग पडला होता.

बाई दारातच थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "इथे घोडा होता."

पुट्टीला काही उमगेना. बाईंनी सांगितलं. शाळेत नवीन आलेल्या मुलांना पहिल्या दिवशी या भिंतीसमोर बसवतात. पोपड्यांत काय दिसतं ते बघायचं, रेघेने वेढायचं, त्याची गोष्ट लिहायची. एका वर्षी कुणाला तरी घोड्याचं डोकं दिसलं. पुढच्या मुलांना मान मिळाली, त्याच्या पुढच्यांना पाय. भिंत झडत गेली तसा घोडा वाढत गेला. गेल्या वर्षी मुलांनी त्याच्यावर नाटक बसवलं होतं. म्हणून तर इतकी वर्षं इथे रंगाऱ्याला येऊ दिलं नव्हतं.

पुट्टीच्या हातात पट्टी तशीच होती. तो म्हणाला, "चूक झाली बाई. मोठी चूक झाली. मग आता हिला नसेल घ्यायचं तर नका घेऊ. आमची काही तक्रार नाही."

बोलून गेला आणि आपलाच आवाज त्याच्या कानावर आला. त्यात कशी आशा होती! धाकटीलाही ती ऐकू गेली.

"बाबा, तुला हेच हवं होतं ना?" ती म्हणाली.

खोटं बोलणं पुट्टीला शिडीवरूनसुद्धा जमायचं नाही. "हो," तो म्हणाला. "तू नसलीस तर मला घरात करमायचं नाही गं."

धाकटीचे डोळे भरले, पण ती मागे सरली नाही. "मलाही नाही करमणार," ती म्हणाली. "तरी मला इथेच यायचंय."

बाईंनी चुरा पायाने कडेला केला. "तिला आम्ही मघाशीच घेतलंय," त्या म्हणाल्या. "पण घोड्याचं मुलांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मग पुट्टी वर्गापुढे उभा राहिला. टोपी काढून हातात धरली आणि जे झालं ते सांगितलं. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, "मग आता आम्ही काय बघायचं?" धाकटी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

शाळा सुरू झाली. धाकटीला पोहोचवून आल्यावर पुट्टी तिच्या पलंगापाशी गेला. भिंत कोरी होती, गेल्याच सुट्टीत त्याने रंगवलेली. त्याने पट्टी काढली आणि अगदी हलक्या हाताने खरवडायला घेतलं. वरचा रंग गेला, त्याखालचा गेला, प्रायमर गेला. वाणी नाही, पोस्टमन नाही, आत्या नाही, शिडीवरचा बापही नाही. दरवर्षी त्याने आधी खालपर्यंत घासून मगच रंग दिला होता. काम चोख केलं होतं. खाली नुसतं प्लॅस्टर लागलं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि त्याला रडू आवरेना.

बायको दारात येऊन उभी राहिली. तिने विचारलं, "रंग कधी देताय मग?"

"नाही देत."

"म्हणजे भिंत अशीच ठेवायची? पोपडे सुटतील."

"सुटू देत," पुट्टी म्हणाला. "सुट्टीत आली की बघेल ती, काय दिसतंय ते."

बायकोने वाकून पलंग भिंतीपासून जरा पुढे ओढला, म्हणजे चुरा गादीवर पडायला नको.