औक्षणाचं ताट

तमाम ग्रामस्थ, माता-भगिनी आणि पारावरच्या कायम बैठकवाल्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, पुढे सांगितलेल्या प्रकरणात चूक माझी आहे. ती मी माईकवरून, खणखणीत आवाजात, दोनदा केली.

आमच्या गावात माईक तिथे मी. लग्न असो, कीर्तन असो की हरवलेली म्हैस, घोषणा माझ्याच तोंडून होते. त्यामुळे सव्वीस जानेवारीला गावातल्या एका मुलीचा सत्कार ठरला, तेव्हा सूत्रसंचालन कोणाकडे, हा प्रश्न कोणालाच पडला नाही.

मुलगी बारावीतली. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून तिच्या आईला संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. कोणी बैठक घेऊन ठरवलं नव्हतं. फक्त त्यांच्या दारावरून जाताना बायकांची पावलं भरभर पडायची. यंदा शेजारणीने एकट्या मुलीला बोलावलं. ती गेली, परत घरी आली, आईचा हात धरून तिला शेजारी घेऊन गेली आणि पंधरा-वीस बायकांसमोर तिच्या कपाळाला स्वतः कुंकू लावलं. माझी बायको तिथेच होती. ती सांगते, चहा उतू गेला तरी कोणी उठलं नाही. मग शेजारणीने मुकाट्याने आईच्या हातात वाण दिलं. त्याच आठवड्यात गावातल्या आणखी तीन विधवा बायकांना बोलावणी गेली.

अशा पोरीचा सत्कार व्हायलाच हवा, असा आग्रह मीच धरला होता. शाळेच्या पटांगणात मांडव पडला. डोणगावहून शाल आली. सरपंच बोलले. मी त्यांच्यापेक्षा जास्त बोललो, रूढींच्या बेड्या वगैरे शब्द वापरले, टाळ्या घेतल्या. मुलगी खुर्चीत बसली आणि मी सवयीने पुकारलं, की औक्षणासाठी पाच सुवासिनींनी मंचावर यावं. कोणी लवकर उठेना, म्हणून पुन्हा पुकारलं.

पाच जणी आल्या. सर्वांत पुढे माझी बायको, हातात ताट.

मुलगी खुर्चीतून उठली आणि माझ्याजवळ आली. बोलली हळूच, पण माईक माझ्या हनुवटीशी होता, त्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

"काका, माह्या मायले काऊन नाही बोलावलं?"

तिची आई त्याच शेवटच्या रांगेत, मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. सगळा गाव मान वळवून पाहू लागला, तशी ती पदर सारखा करत जमिनीकडे बघत राहिली. पोरगी खुर्चीकडे पाठ करून उभी. आई आली नाही तर ती बसणार नव्हती, आणि आई येईल असं काही दिसत नव्हतं.

बायकोने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की रात्रीच्या जेवणाची आशा मी तिथेच सोडली. ती खाली उतरली, बायकांमधून वाट काढत गेली आणि ताट मुलीच्या आईपुढे धरलं. आई नको नको म्हणू लागली. लोक काय म्हणतील, असं काहीतरी पुटपुटली.

"लोकं तं सारे इथंच बसून हायेत," बायको म्हणाली. "विचारून घे."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने पाय आखडून वाट करून दिली.

आई मंचावर आली. मुलगी खुर्चीत बसली, पुतळ्यासारखी ताठ. आईचा हात मात्र असा थरथरत होता, की निरांजनाची ज्योत ताटभर नाचत होती. तिने चिमटीत कुंकू घेतलं, बोट पोरीच्या कपाळाकडे नेलं, आणि माईक बंद करायचं भान मला नव्हतंच, म्हणून सगळ्या गावाने ऐकलं:

"हालू नको ना वं, सारं कुंकू नाकाले लागून राह्यलं."