एक वाजता जाणारं नेटवर्क

"सर, फिर से गया."

शारजाच्या गोदामातून हा फोन आला की मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं. दुपारी एकच्या सुमारासच यायचा. मी दुबईत, बर दुबई भागातल्या ऑफिसात डबा उघडत असायचो, तो तसाच मिटायचा. तिकडे माल मोजायचे स्कॅनर बंद, लेबलचा प्रिंटर बंद, बिलं बंद. आमची कंपनी सुपरमार्केटना दही, चीज, लोणी असला थंड माल पुरवते. बिल नाही तर गेटपास नाही, आणि गेटपास नाही तर ट्रक हलत नाही. बाहेर जुलैचं ऊन. चीजच्या पेट्या गोदामाच्या दारात घाम गाळत उभ्या.

मी या कंपनीत विंडोज नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर सगळं नीट चालू असेल तेव्हा मी आहे हे कोणाच्या लक्षातही नसतं. बंद पडलं की पहिली शिवी मला. कामापुरता मामा.

आमचे ऑपरेशन्स मॅनेजर नदीमसाहेब. माणूस वाईट नाही, पण कारण ऐकून घ्यायची सवय नाही.

"मिलिंद, ये रोज का क्या नाटक है? कल आधा ट्रक दही वापस आया."

"सर, बघतोय. आय थिंक स्विच गरम होतोय."

"हबीबी, मुझे थिंक नहीं चाहिए. मुझे खलास चाहिए. और किसी की गलती निकली, तो उसका भी खलास."

मी आधी स्विच बदलला, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात ती पेटी. मग केबल बदलली. मग कोल्ड स्टोअरच्या कॉम्प्रेसरवर संशय घेतला आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनशी भांडून बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्या दिवशी एक वाजला, नेटवर्क गेलं. बरं, मी दुबईहून रिमोटने शिरून बघेपर्यंत अर्धी यंत्रं आपोआप परत आलेली असायची. दुखणाऱ्या दाताचं डॉक्टरच्या दारात होतं तसं.

शेवटी ठरवलं, जाऊन बसायचं. सकाळी अल मनखूलच्या फ्लॅटमधून निघालो. सकाळी सगळी दुनिया शारजाहून दुबईकडे येत असते, भाडं तिकडे स्वस्त म्हणून. मी उलटा. समोरच्या बाजूला गाड्यांची रांग हलत नाही आणि माझ्या बाजूचा रस्ता मोकळा. खरं तर मजा वाटायला हवी. पण शेजारची सीट रिकामी असली की मोकळा रस्ताही अंगावर येतो. बायको वर्षा आणि मुलगी ईरा दोघी डोंबिवलीला गेल्या, ईराच्या कॉलेजसाठी. सिग्नलला थांबून फोन केला तर ईरा म्हणाली, "बाबा, कान्ट टॉक नाऊ, लेक्चर आहे." बरं म्हटलं. तेवढंच त्या दिवशी घरच्यांशी बोलणं.

गोदामात फ्रान्सिस अंकल भेटले. तिथले स्टोअर इनचार्ज, वसईचे, साठीला टेकलेले, सगळ्यांचे अंकल. कंपनीत माझ्याशी मराठी बोलणारा हा एकच माणूस.

"ये बाबा. आज साक्षात डॉक्टर आला," ते म्हणाले. "चाय सांगू?"

"चहा नको अंकल. एक वाजता काय होतं ते बघायला आलोय."

"एक वाजता काय होणार? लंच होतो," ते म्हणाले आणि पेट्या मोजायला निघून गेले.

आता थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला नेटवर्कवर यायला एक नंबर लागतो. दवाखान्यात कंपाउंडर नंबर वाटतो ना, तसंच. आमच्याकडे नंबर वाटणारा एकच, बर दुबईतला विंडोज सर्व्हर. त्याने दिलेले सगळे नंबर दहाने सुरू होतात. आता दवाखान्याच्या दारात दुसराच कोणीतरी उभा राहून आपल्या मनाने नंबर वाटायला लागला, तर आतला डॉक्टर त्यांना ओळखणार नाही. आलेला पेशंट बसून राहणार. झालं.

एक वाजला. लोक जेवायला गेले, स्कॅनर चार्जिंगला लागले. मी एका कॉम्प्युटरसमोर बसून होतो. थोड्या वेळाने पहिला स्कॅनर चार्जिंगवरून काढला आणि तो तिथेच मेला. त्याचा नंबर बघितला. दहा नाही. एकशे ब्याण्णवने सुरू होणारा. घरगुती राऊटर देतात तो.

"सापडलास रे भामट्या," मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला कोणी नव्हतं.

कोणीतरी घरचा वायफाय राऊटर आणून भिंतीत खुपसला होता. आमचा सर्व्हर दूर दुबईत, हा इथेच. जवळचा आधी उत्तर देतो. जेवण संपलं की तो काढून ठेवत असणार, म्हणून मला कधी दिसायचा नाही. मी स्विचला विचारलं, हा भामटा कुठल्या पोर्टवर आहे? पोर्ट म्हणजे वायर खुपसायची जागा. उत्तर आलं, मागची जुनी केबिन, माल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्यांची. ती वर्षभर वापरात नव्हती. मी तरातरा निघालो. रागच तसा आला होता. माझे किती डबे त्या राऊटरने थंड केले होते!

दार लोटलं. आत फ्रान्सिस अंकल जेवत बसले होते.

टेबलावर त्यांचा डबा, समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला फोन. फोनवर एक म्हातारी. लुगडं नेसलेली, पांढरे केस, समोर ताट. तीही जेवत होती. भाताचा घास हातात धरून ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"फ्रान्सिस, कोण आलं रे?"

अंकलांचा हात तोंडाजवळच थांबला. मला बघून माणूस इतका पांढरा पडलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"ऑफिसातला आहे आय. मिलिंद. तू जेव."

"त्याला बसव ना मग. जेवला का तो?"

मी खाली बघितलं. राऊटरमधून दोन वायरी निघून भिंतीतल्या दोन पोर्टांत गेल्या होत्या.

"अंकल, दोन कशाला?" मी हळू आवाजात विचारलं.

"एकीवर थांबून थांबून यायची रे," ते कुजबुजले. "तिचा घास उचललेला दिसायचा आणि तिथेच अडकायचं. म्हटलं दोन लावू, दुप्पट स्पीड येईल. दोन नळ सोडले की बादली लवकर भरते ना?"

नेटवर्कमध्ये बादली लवकर भरत नाही. पहिली वायर योग्य जागी होती, तिने फक्त इंटरनेट घेतलं असतं, कोणाला त्रास झाला नसता. दुसरीमुळे राऊटर उलटा आमच्या ऑफिसात शिरून नंबर वाटत होता. कंपनीच्या वायफायवर व्हिडिओ बंद, तो मीच केलेला, नदीमसाहेबांच्या सांगण्यावरून. पत्र्याच्या गोदामात मोबाइलची रेंज नाही. भाचीने वसईच्या घरी जेवणाच्या टेबलासमोर कॅमेरा लावून दिला होता, बोलता येणारा. त्यांच्या आयला, म्हणजे आईला, फोन लावणं जमत नाही. सकाळ-संध्याकाळ शेजारीण येऊन जाते. दुपारची ती एकटी. मुलाचा आवाज आल्याशिवाय जेवायची नाही.

"इथे एक म्हणजे तिकडे अडीच," अंकल म्हणाले. "तोवर थांबते."

बाहेरून कोणीतरी ओरडलं, "सर, ट्रक खडा है!"

मी वाकलो आणि दुसरी वायर उपटली. फक्त दुसरी. बाहेर येऊन स्कॅनर एकेक करून रीस्टार्ट केले. सगळ्यांना पुन्हा दहाचे नंबर मिळाले. ट्रक सुटले. आत म्हातारी जेवत होती. तिला काही कळलंही नाही.

जेवण आटोपून अंकल बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात गुंडाळलेला राऊटर होता. "नाव सांगशील ना माझं?"

"विचारतील अंकल."

"सांग. खोटं नको बोलू. पण नोकरी गेली तर व्हिसा गेला, आणि तिच्या औषधाला पैसे इथूनच जातात. एवढं बघ."

संध्याकाळी नदीमसाहेबांना सगळं सांगितलं. नावासकट. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"फ्रान्सिस? इतना पुराना आदमी?"

"सर, चोरी नाही केली. आईबरोबर जेवत होता."

"और मेरा दही? दही किस के साथ खाना खा रहा था?" ते ओरडले. मग आवाज खाली आला. "नौकरी नहीं जाएगी. वॉर्निंग लेटर जाएगा. राऊटर बंद, अभी से."

मी म्हटलं, कँटीनमध्ये पाहुण्यांसाठी असतं तसं वेगळं वायफाय देतो, ऑफिसच्या नेटवर्कला धक्का न लावणारं. जुनं यंत्र स्टोअरमध्ये पडून आहे, खर्च शून्य. तिथे व्हिडिओ चालू ठेवतो.

"हेड ऑफिस का अप्रूव्हल लेकर करो. इन्शाल्ला हो जाएगा."

इन्शाल्ला म्हणजे पुढच्या आठवड्यानंतर कधीतरी. तोवर ती केबिन मी बंद केली, पोर्ट बंद केले. नियमाने बरोबरच होतं. अंकलांनी शेजारणीला फोन करून आयला निरोप दिला की कॅमेरा काही दिवस बंद आहे, वेळेवर जेवून घे. आय म्हणाली, हो.

अप्रूव्हल आलं त्या दिवशी मी यंत्र घेऊन गेलो, तर अंकल काउंटरवर बसलेले.

"शेजारीण काल म्हणाली," ते सांगायला लागले. "रोज संध्याकाळी जाते तर ताट झाकलेलं. अडीचला ती कॅमेऱ्यासमोर बसते, काही ऐकू येतं का बघते, आणि मग भूक मेली म्हणून उठते. मला शेजारणीच्या फोनवर सांगते, जेवले रे."

पोर्ट मीच बंद केले होते. एका क्लिकमध्ये. कुठल्या पोर्टमागे कोण जेवतंय हे माझ्या स्क्रीनवर दिसत नाही.

ते वायफाय लागलं आणि उत्तम चाललं. नंतर गोदामात काम निघालं की मी मुद्दाम एकच्या आधी पोचायला लागलो. डबा घेऊन कँटीनमध्ये अंकलांच्या शेजारी बसायचो. आय क्रूसाची खूण करायची, अंकल करायचे, मी आपला हात जोडायचो. "मिलिंद, भाजी कसली?" ती विचारायची. मी कालची भेंडी असली तरी आजची सांगायचो. खरं सांगतो, माझ्या घरी कोणी मला भाजी विचारत नव्हतं. मी गॅसच्या ओट्याशी उभ्यानेच जेवायचो, बसायला कारणच नव्हतं. त्या कँटीनमधला अर्धा तास मला हवाहवासा झाला. गोदामात काम नसलं तरी मी काढायचो.

मग अंकलांचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली आणि त्यांनी केला नाही.

"झाकलेलं ताट डोक्यातून जात नाही," म्हणाले. "पेन्शन नाही, पण वाडीत केळी आहेत, भाची बघते थोडं. भागेल. उद्या पुन्हा काहीतरी बंद पडेल, मिलिंद. तू तरी किती दुरुस्त करशील?"

माणूस गेला की त्याचं कंपनीतलं अकाउंट बंद करायचं काम माझं. नाव शोधायचं, राइट क्लिक, डिसेबल. इतक्या लोकांची केली, पण त्या दिवशी हात थोडा थांबला. आनंद वाटला त्यांच्यासाठी. आणि हेवाही वाटला, लपवत नाही.

जाताना त्यांनी मला त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड दिला. "एकटा जेवतोस. कधी वाटलं तर एक वाजता लाव. आय विचारेल."

पहिले काही दिवस मी लावला नाही. दुसऱ्याच्या घरात असं डोकवायचं बरं दिसत नाही. मग एका दुपारी ऑफिसात सगळे बाहेर जेवायला गेले होते. डबा उघडला. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवला. बरोबर एक वाजता लावलं.

टेबल दिसलं. पुसून स्वच्छ केलेलं. दोन खुर्च्या आत सरकवलेल्या. पलीकडच्या खोलीतून पंख्याचा आवाज येत होता आणि कोणीतरी घोरत होतं. अंकलच असावेत.

कळायला वेळ लागला. अडीच ही म्हातारीची जेवायची वेळ कधी नव्हतीच. साडेबाराला तिला भूक लागत असणार, सगळ्या म्हाताऱ्यांना लागते तशी. आता तिला कोणासाठी थांबायचं नव्हतं. दोघं केव्हाच जेवून आडवे झाले होते.

बोलायचं बटण होतं. मी दाबलं नाही. कशाला झोपमोड करायची? थोडा वेळ ते टेबल बघितलं आणि बंद केलं.

शारजाहून त्या दुपारी फोन आला नाही. आता येतच नाही. नेटवर्क अगदी सुरळीत आहे. धडा विचाराल तर एवढाच, की वापरात नसलेला पोर्ट उघडा ठेवू नये. आणि आपल्यासाठी कोणी जेवायचं थांबलेलं नसेल, तर डबा गरम असतानाच खाऊन घ्यावा.