हद्दीवरची भिंत

माप घेताना गिऱ्हाईकाने पोट आत ओढलं, तरी आमच्या शिंपीकाकांना त्यात डाव दिसायचा. मतदारसंघाची हद्द नव्याने आखली, तेव्हा रेघ नेमकी त्यांच्या घरातून गेली. पुढचं दुकान एका मतदारसंघात, मागे राहणारा धाकटा भाऊ दुसऱ्यात.

"त्यानेच वर कुणाचे तरी कान भरलेत," काका धुमसत म्हणाले आणि त्यांनी थेट मोजणीवाल्याला गाठलं.

तो म्हणाला, "पूर्वी हद्द ओढ्यावरून जायची. ओढा बुजलाय. तिथे पक्की भिंत दिसली, म्हटलं हीच हद्द."

ती भिंत वाटणीच्या भांडणात काकांनीच घातली होती. काकूंनी तोंडाला पदर लावला.

काकांनी डोळे बारीक केले. "ते ठीक आहे. पण भिंत याला दाखवली कोणी?"