चाफा आणि बँकॉक

दारातल्या पांढऱ्या चाफ्याचा वास आला की मला बँकॉक आठवत नाही, इचोड्याचा ढाबा आठवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चार मास्तर बँकॉकला निघालो, तेव्हा आदिलाबादच्या बसस्टँडवर आत्या आली. लोकांच्या शेतात कापूस वेचून मला शिकवलं ते तिनंच. ओल्या फडक्यात बांधलेली चाफ्याची फुलं तिनं माझ्या हातात दिली. "तिथं लय मोठा बुद्ध हाये म्हंतेत. त्याच्या पायापाशी ठेवजो, बापू." सोबतचे हसले, मला लाज वाटली. वाटेत इचोड्याला बस चहासाठी थांबली तेव्हा मी फुलं फडक्यासकट ढाब्यामागच्या उकिरड्यावर फेकली. बँकॉकात नावेतून फिरलो, आंबा आणि चिकट भात खाल्ला, मॉल पालथे घातले. निजलेल्या बुद्धाच्या देवळाच्या दारापर्यंत गेलो, पण ऊन कडक, रांग लांब; बाहेरूनच फोटो काढून परतलो. घरी आत्या वाटच पाहत होती. "ठेवले का रे फुलं?" "ठेवले ना. तिथले भंतेजी इचारून राह्यले होते, कोणाच्या घरचे म्हणून." यात्रेहून आलेल्याच्या पाया पडायची जुनी रीत तिच्या अंगात मुरलेली होती. "त्याच्यापाशी जाऊन आले हे पाय," म्हणत ती वाकली आणि तिनं माझ्या पायांवर कपाळ टेकवलं. आता आत्या नाही, चाफा आहे. त्या दिवशी मी पाय मागे घेतले नाहीत. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं.