लहानपणापासून हाच साबण

चेहऱ्याला काय लावावं आणि काय लावू नये, हे माझी लेक मोबाइलवर सांगते आणि गावोगावच्या पोरी ते मन लावून ऐकतात, यावर माझा बरेच दिवस विश्वास बसत नव्हता. घरात तिचं ऐकतं कोण? मी तर नाहीच. पण पवनीच्या बाजारात एकदा भाजी घेताना दोन मुली तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजल्या, पुढे येऊन तिच्यासोबत फोटो काढून गेल्या, आणि मी हातात वांगी धरून बघतच राहिले.

वरच्या खोलीत ती व्हिडिओ काढते. त्या खोलीत पूर्वी सासऱ्यांचा हातमाग होता. मागाला उजेड लागतो म्हणून तिथे खिडक्या मोठ्या, आणि चेहरा दाखवायलाही उजेडच लागतो. ती बोलते आपल्याच बोलीत, 'मले', 'तुले' करत. मी आधी तिला म्हटलं होतं की जरा शुद्ध बोलत जा, लोक हसतील. लोक हसले नाहीत. उलट त्यामुळेच पोरींना ती आपल्यातली वाटते, हे मला उशिरा कळलं.

खरं सांगायचं तर तिच्याआधीपासून मीच असले व्हिडिओ बघायची. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की मोबाइल घेऊन बसायची. मोठ्या शहरातली एक बाई मला फार आवडे. काय तिचे गाल, काय ते बोलणं! एका आठवड्यात ती म्हणे, मी लहानपणापासून तांदळाच्या पाण्यानेच तोंड धुते. पुढच्या आठवड्यात लहानपणापासून कोरफड. मग लहानपणापासून गाढविणीचं दूध. दर आठवड्याला या बाईला नवं बालपण कुठून मिळतं, असा मला प्रश्न पडे, तरी मी बघत राही. तांदळाचं पाणीही मी लावून पाहिलं. धानाच्या जिल्ह्यात राहून मला ते बाहेरच्या बाईनं शिकवावं, यावरून नवऱ्याने माझी भरपूर थट्टा केली.

तर आमच्या लेकीकडे एक दिवस खोकं आलं. हळद, चंदन आणि केशराचा साबण, जुन्या वळणाच्या खाकी कागदात गुंडाळलेला, वरून सुतळी बांधलेली. कंपनी नवी होती, नागपूरकडची. त्यांना हिचं बोलणं आवडलं होतं. आजवर कुठल्याही कंपनीनं तिला विचारलं नव्हतं, ही पहिलीच. व्हिडिओ जमला तर पुढे नागपूरला बोलावून मोठं शूटिंग करू, असंही त्यांनी सांगितलं होतं. पोरगी हवेत होती. कॉलेजच्या बसमध्ये तिनं मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं.

कंपनीची एकच अट होती. व्हिडिओत तिच्यासोबत मी बसायचं, साबण गालाजवळ धरायचा आणि म्हणायचं, "आमच्या घरी लहानपणापासून हाच साबण."

"आई, तुह्यी कातडी चांगली आहे असं त्यायले मीच सांगितलं," लेक म्हणाली.

मी फुशारले. का फुशारू नये? या वयात आपल्या कातडीचं कौतुक करतं कोण? कंपनी कालची आणि माझं लहानपण कधीचं, हा हिशोब माझ्या डोक्यात आला होता, पण एक वाक्य तर म्हणायचं होतं. त्याने कुणाचं काय बिघडणार, असं मला वाटलं. मी पवनीच्या मागावरचं ठेवणीतलं लुगडं नेसले, केसांना तेल लावून अंबाडा घातला आणि खिडकीसमोर बसले. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा साबण हातातून निसटला. मग मात्र मी ते वाक्य असं ठसक्यात म्हटलं की लेक म्हणाली, "बाप्पा! तू तं हिरोईन निघाली."

मग मोबाइल खाली ठेवता ठेवता तिनं सहज विचारलं, "पण खरंच, तुमच्या लहानपणी काय लावत होते गं तोंडाले?"

आणि मी सांगायला बसले.

माझं लहानपण भंडाऱ्याजवळच्या सरकारी फॅक्टरीच्या वसाहतीत गेलं. एकसारखी क्वार्टर्स, त्यांच्या लाइनी, आणि सकाळी कामगारांना घ्यायला येणारी बस. आमच्या घरात सौंदर्याचं सामान म्हणजे खोबरेल तेलाचा डबा, गोल डब्यातली पावडर, आईची पांढऱ्या काचेच्या बाटलीतली 'स्नो' आणि काळं दंतमंजन. स्नो फक्त लग्नाला जाताना निघे. आई बोटाच्या टोकाने चेहऱ्यावर पाच ठिपके द्यायची आणि मी श्वास रोखून उभी राहायची, कारण बोटाला उरलेलं माझ्या नाकाला पुसलं जाई. तो वास आठवला की अजूनही मला कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटतं.

बाबा फॅक्टरीत मशीनवर काम करत. हाताचं तेल आणि ग्रीस निघावं म्हणून कामगारांना दर महिन्याला साबण मिळे. लाल, जाड, चौकोनी वडी. बाबांना त्या साबणाचा फार अभिमान. वड्या आणल्या की ते पेटीच्या झाकणावर ओळीने वाळत घालत, कारण वाळलेला साबण जास्त दिवस पुरतो. स्वतः मात्र नळावर मातीने हात घासत. एवढा चांगला साबण हातावर कशाला घालवायचा, तो पोरीला ठेवायचा, असं त्यांचं गणित.

आईचं माहेर सिहोऱ्याचं. धानाचा रोवणा सुरू झाला की बांधीत रोपं लावायला माणसं पुरत नसत, म्हणून आई भावांच्या मदतीला जाई. माझी शाळा असल्यामुळे मी बाबांजवळ. एका वर्षी आई रोवण्याला गेली आणि माझी अंघोळ बाबांकडे आली. त्यांनी ती फॅक्टरीच्या कामासारखी मनावर घेतली. लाल वडीचा फेस करून ते माझं तोंड असं घासत की विचारू नका. मग पंचाने पुसून, भांग वाकडा पाडून, मानेवर मूठभर पावडर ओतून मला उजेडात उभी करत.

"पाह्य, कशी चमकून राहिली!" म्हणत.

चमकत होते खरी. चेहऱ्यावर तेलाचा अंशच उरला नव्हता. कातडी अशी ताणलेली असे की हसायला जोर लागे. पण बाबा इतके खुश दिसत की मी जोर लावून हसायची. ते सार्वजनिक नळावर आमच्या लाइनीतल्या सगळ्यांना सांगत, की पोरांना हाच साबण लावा, माझी पोरगी पाहा. बाबांचं लोक ऐकत. दोन-चार घरांत लाल वड्या पोरांच्या तोंडापर्यंत पोचल्या.

आई परत आली तेव्हा माझे गाल उलले होते आणि ओठांच्या कडांतून रक्त येत होतं. दारातच तिनं माझी हनुवटी धरून वर केली.

"अवो, हे काय करून ठेवलं पोरीच्या तोंडाचं?"

"साबण लावला. फॅक्टरीचा."

"तो हाताचा आहे. ग्रीस काढाचा!"

"सरकार देते तो साबण. खराब कायले देईल?"

आईनं मोहाच्या बियांचं तेल काढलं, टोरीचं तेल म्हणतात आमच्याकडे, थंडीत तुपासारखं थिजणारं, आणि माझ्या गालांना लावलं. त्याचा वास काही चांगला नसतो. माझी आग थांबली एवढं मला आठवतं.

बाबांना मात्र आईचं पटलं नव्हतं. "मी लावून पाह्यतो," ते म्हणाले. आणि खरंच, ते रोज त्या लाल साबणाने तोंड धुवू लागले, दाढीही त्याच फेसाने करू लागले. हळूहळू त्यांचे गाल पांढुरके झाले, मग लाल, मग दाढीच्या जागी बारीक भेगा पडल्या. एका रविवारी सकाळी त्यांनी आरशात बराच वेळ पाहिलं, शर्ट चढवला आणि माझा हात धरला.

आमच्या लाइनीतल्या एकेका दाराशी ते मला घेऊन गेले. प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं. "भाऊ, मी तुमाले सांगितलं होतं ना, ते चुकीचं निघालं. पोराईच्या तोंडाले तो साबण लावू नका. हे पाहा, माह्या पोरीचं तोंड उललं. माहं पण."

मला भयंकर लाज वाटत होती. एका घरी तर माझ्याच वर्गातला मुलगा दारात उभा होता. कुणी म्हणालं, जाऊ द्या हो, एवढं काय. कुणी हसलं. पुढे कितीतरी दिवस लोक त्यांना 'साबणवाले' म्हणून चिडवत. बाबाही हसत. पण त्यानंतर लाइनीत कुणाला पंखा घ्यायचा असो की पोराला टॉनिक आणायचं असो, माणसं आधी आमच्या दाराशी येत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. आपले बाबा असे आहेत, एवढंच वाटलं. आज मात्र वाटतं की अशा माणसाच्या हाताने तोंड धुऊन मिळालं, भले ते उललं असेल, हे माझं भाग्यच.

एवढं सगळं मी हसत हसत सांगितलं. वाकडा भांग सांगितला, मानेवरची पावडर सांगितली. लेकही आधी हसली. मग हसायची थांबली.

"आई, हा साबण तं मी अजून तोंडाले लावलाच नाही," ती म्हणाली.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडे एक बाई होती, बोलायला फार गोड. लेक म्हणाली की मी आधी महिनाभर लावून पाहते, मग जे होईल ते सांगते, आणि ते लहानपणापासूनचं वाक्य आम्ही म्हणणार नाही. बाई म्हणाली, "अगं, ते कुणी शब्दशः घेत नाही. ती एक भावना असते. सगळेच म्हणतात." लेकीनं पुन्हा तेच सांगितलं. बाई म्हणाली की दिवाळी तोंडावर आहे, महिना थांबता येणार नाही, आणि मग अगदी गोड आवाजातच म्हणाली, "मग राहू द्या."

फोन ठेवल्यावर पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली. जेवली नाही. मैत्रिणींना आता काय सांगायचं, हे तिला खात होतं, मला दिसत होतं. माझाही जीव तुटत होता. कशाला उकरून काढली मी ती जुनी गोष्ट? एकदा तर ओठांवर आलं होतं, की लाव परत फोन, मी म्हणते ते वाक्य, जमलं होतं चांगलं. पण मी तसं म्हटलं नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी विचारलं तेव्हा तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. ती घरी आली. मोरीत गेली, खोक्यातली एक वडी फोडली आणि तोंड धुतलं.

"आता काहून लावतेस?" मी विचारलं. "त्यायचं काम तं गेलं."

"लावून पाह्यतो म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली.

ती रोज तो साबण लावत राहिली. तिच्या व्हिडिओत त्याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या कितीतरी जणींच्या व्हिडिओत मात्र तो दिसू लागला, आणि प्रत्येकीच्या घरी तो लहानपणापासून होता.

दिवाळीच्या आधी आम्ही दोघी जनरल स्टोअरमध्ये उटणं आणि पणत्या घ्यायला गेलो. काउंटरपाशी एक मुलगी उभी होती, जवळच्याच कुठल्या तरी खेड्यातली असावी. दोन्ही गालांवर पुटकुळ्या, त्या झाकायला ओढणी पुढे ओढलेली. तिच्या हातात तोच खाकी कागदातला साबण होता. माझ्या लेकीला पाहताच ती एकदम सरळ उभी राहिली.

"ताई, तुम्हीच ना त्या?" तिनं विचारलं. "हा घेऊ का मी? सगळ्या जणी चांगला म्हणून राहिल्या. तुमी काहीच नाही म्हटलं."

लेक जराशी लाजली. "मी लावून पाहून राहिली," ती म्हणाली. "अजून मले मालूम नाही."

दुकानदार आमच्याकडे बघत होता. मुलीनं साबण एकदा उलटसुलट केला, वास घेतला. चांगला होता वास, मी सांगते. मग तिनं तो परत काउंटरवर ठेवला आणि ओढणी सारखी केली.

"मंग मी थांबतो," ती म्हणाली. "तुमाले समजलं की सांगजा."

आणि ती गेली. तिचं नाव, गाव विचारायचं मला सुचलंच नाही. घरी येताना रस्त्यात लेकीनं माझा हात धरला होता, लहानपणी धरायची तसा. त्या अनोळखी पोरीचे माझ्यावर फार उपकार आहेत. माझी लेक खरं सांगेल म्हणून कुणीतरी तसेच पुटकुळ्यांचे गाल घेऊन थांबायला तयार आहे, हे तिनं मला दाखवलं.