रखमाजी पंखेवाल्याची खोली

कळमनुरीहून वारंगा फाट्याकडे जाताना निजामाच्या काळातला एक दगडी डाकबंगला लागतो. त्याच्या पूर्वेकडच्या खोलीत कुणी मुक्काम करत नसे. तिथं एक साहेब पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, मेला आणि अजून पाणी मागत फिरतो, असं आसपासच्या गावांत सांगत.

पद्माबाई या बंगल्यावर वीस वर्षांपासून झाडलोट करते. नवरा शेषराव गेल्यावर त्याच्या जागी ती लागली. ती खोली ती रोज उघडायची, पुसायची, दुपारची भाकरही तिथंच खायची. कारण सासूनं, चांगुणाबाईनं, तिला खरं काय ते सांगून ठेवलं होतं. साहेब मेलाच नव्हता. तो आजारी पडला तसे खानसाम्यासकट सगळे पळाले. राहिला तो बाहेर बसून दोरीनं पंखा ओढणारा रखमाजी, चांगुणाबाईचा सासरा. त्याला उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती. तरी तो आत गेला, साहेबाला पेज पाजली, घाण काढली. साहेब बरा होऊन हैदराबादेला गेला. पण रखमाजीनं विटाळली म्हणून त्या खोलीत पुढं कुणी उतरेना. काळ बदलला, तसं खरं कारण सांगायची लाज वाटू लागली. मग लोकांनी भूत आणलं.

गेल्या उन्हाळ्यात बांधकाम खात्याचा अभियंता मोजमापं घेऊन गेला. वापरच नाही तर ही बाजू पाडून टाकू, असं त्याचं म्हणणं. पद्माबाईनं रखमाजीची हकीकत सांगितली, तर त्यानं पुरावा मागितला.

बंगल्याच्या कपाटात, उतरलेले मुसाफिर शेरे लिहून जात त्या जुन्या उर्दू वह्या होत्या. इतकी वर्षं तिनं त्या नुसत्या झटकल्या होत्या. आता फडक्यात बांधून ती एसटीनं कळमनुरीला गेली. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बद्रुद्दीन गुरुजींनी दोन दुपारी पानं चाळली. तिसऱ्या दुपारी ते एका पानावर थांबले आणि तिला कळेल असं सावकाश वाचू लागले.

"नऊ दिवस मी या खोलीत मरणाच्या दारात होतो. सगळे गेले. रखमाजी पंखेवाला राहिला. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळं."

"गुरुजी, त्यातलं नाव कोणतं ते दाखवा," पद्माबाई म्हणाली. त्यांनी दाखवलेल्या अक्षरांवर तिनं बोट ठेवलं.

ते पान पाहून अभियंत्यानं पाडकामाचा प्रस्ताव स्वतःच मागं घेतला. छत दुरुस्त झालं, दारावर रखमाजीच्या नावाची पाटी लागली. पहिला मुक्काम कुणाचा, असा प्रश्न निघाला तेव्हा पद्माबाई म्हणाली, "आमचा." नात दीक्षाला घेऊन ती दोन दिवस तिथं पाहुणी म्हणून राहिली. भुताची गोष्ट सांगण्यात सगळ्यांत पुढं असलेली जमनाबाई त्या दोघींना जेवण घेऊन आली.

आता मुक्कामाला येणारा आधी तीच खोली मागतो आणि पद्माबाईला रखमाजीची गोष्ट सांगायला लावतो. परवा एका पाहुण्या साहेबानं सुचवलं, की गोष्ट कानावर आली आहे, छान आहे, सांगताना फक्त विटाळाचं तेवढं वगळा.

"न्हाई साहेब," पद्माबाई शांतपणे म्हणाली, "ऐकायचं तर सगळं ऐका."

साहेबानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती बसली, आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.